सम्राटांचे हात

माझे हात फार प्रसिद्ध आहेत! थट्टा नाही, खरंच सांगतोय. थिएटरात त्यांच्यावर शिट्ट्या पडल्यात, मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांचे फोटो आलेत, आणि हाताला लावायच्या एका क्रीमच्या जाहिरातीत तर ते मोठ्या चौकातल्या फलकावर इमारतीएवढे होऊन झळकलेत. चेहरा मात्र आमच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा ओळखत नाही. रोज अडवून विचारतो, "कुणाकडे जायचंय?"

सांगतो, सगळं सांगतो. मी पियानो शिकवतो. घरातल्या हॉलमध्ये भिंतीला टेकून पियानो आहे, त्याच्या एका बाजूला फ्रीज आणि दुसऱ्या बाजूला चपलांचं कपाट. एकदा सिनेमावाल्यांचा निरोप आला की पियानोवादकाचे हात हवेत. नुसते हात! सिनेमात पियानोवादक होणार होते ते आपले लाडके विनोदी नट, ज्यांना सगळी दुनिया 'सम्राट' म्हणते. सम्राटांना पियानोचं झाकण कुठून उघडतं एवढंही माहीत नव्हतं.

मग शूटिंग कसं झालं? सम्राट स्टुलावर बसायचे. मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर. त्यांचे हात कोटाच्या आत दुमडलेले, आणि त्यांच्या बाह्यांतून बाहेर आलेले हात माझे! माझं नाक त्यांच्या पाठीत रुतलेलं. वरती त्यांनी चेहऱ्यावर भाव आणायचे, खाली मी सूर काढायचे. एका शॉटला माझं कोपर त्यांच्या बरगडीला लागलं, त्यांना गुदगुल्या झाल्या आणि ते गोड हसले. त्या हसण्यावर समीक्षकांनी रकाने भरले हो! 'सुरांत विरघळलेलं स्मित' म्हणे! कोपर माझं होतं!

सिनेमा तुफान चालला. एका मुलाखतीत सम्राटांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की पियानो ते आईच्या मांडीवर बसून शिकले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मॅनेजर माझ्याकडे आला आणि माझ्याकडून शब्द घेऊन गेला. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही! त्या बदल्यात पुढच्या सिनेमात पडद्यावर माझं नाव येणार. ठसठशीत, वेगळ्या ओळीत. मी मान डोलावली. शब्दाला मी पक्का. बायकोला तेवढं सांगितलं, पण बायको म्हणजे काही बाहेरचं माणूस नव्हे.

अडचण एकच. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक टपोरा तीळ आहे आणि तो पडद्यावर स्वच्छ दिसला. म्हणून सम्राटांचा मेकअपमन रोज सकाळी त्यांच्या अंगठ्याशी काळ्या पेन्सिलीने तीळ काढायला लागला. लोक तो तीळ बघायला मरायचे.

आणि त्यात पहिला नंबर आमच्या सासऱ्यांचा!

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूतली काटामारी, लिटरचं खोटं माप, डाळीतली भेसळ असं काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले आणि तपासायला दुसरं काही उरलं नाही म्हणून त्यांनी मला तपासायला घेतलं.

"जावईबापू," जेवताना ते सुरू करायचे, "हे सम्राट बघा. अभिनय करतात, हसवतात, वर पियानो! आणि तुम्ही? नुसता पियानो!"

"अण्णा, अहो..."

"काय ते हात! काय तो अंगठ्याजवळचा तीळ! अहो, सगळी कला त्या तिळात आहे." मी पाण्याचा तांब्या पुढे करायचो तेव्हा त्यांचं माझ्या अंगठ्याकडे लक्ष जायचं. "तीळ तुमच्याही हाताला आहे म्हणा. पण नुसता तीळ असून भागत नाही."

बायको हसू दाबायला स्वयंपाकघरात पळायची. माझी बोटं टेबलाच्या कडेवर टकटक करत राहायची. ती सवयच आहे माझी, मन ताळ्यावर नसलं की बोटं थांबत नाहीत. अण्णांच्या सहवासात आमचं टेबल झिजायला लागलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण अण्णांनी एक दिवस जाहीर केलं, "मी ठरवलंय. सोमवारपासून तुम्ही दुकानात जायचं."

दुकान मेहुण्याचं. फरश्यांचं! गुळगुळीत, खडबडीत, ठिपक्यांच्या, बिनठिपक्यांच्या फरश्या, आणि सगळीकडे पांढरी पूड. तिथे उचलाउचलीत चार दिवसांत माझ्या बोटांचं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

"अण्णा, मी पियानो वाजवतो!"

"दिसतंय ते. चपलांच्या कपाटाशेजारी बसून वाजवता. नाव कुठे आहे तुमचं? एक ठिकाण दाखवा जिथे तुमचं नाव आहे. दाखवा, आणि मी फरशी हा शब्द तोंडातून काढणार नाही."

मी तोंड उघडलं. मॅनेजरला दिलेला शब्द आठवला. मिटलं. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू!

आणि नेमका तेव्हाच मॅनेजरचा फोन आला.

"ताबडतोब या! घोटाळा झालाय!"

घोटाळा असा होता की कुणीतरी मदतनिधीसाठी एक जंगी कार्यक्रम ठरवला होता. पडद्यावरचे जे जे प्रसिद्ध लोक पियानो वाजवतात, त्या सगळ्यांनी त्या रविवारी दुपारी रंगमंचावर येऊन वाजवायचं. प्रत्यक्ष! लोकांसमोर! आणि सम्राटांनी आयत्या वेळच्या उत्साहात हो म्हणून टाकलं होतं.

मी गेलो तेव्हा सम्राट सोफ्यावर आडवे पडून कपाळावर ओला रुमाल ठेवून होते. "बोट मोडून घेऊ का एखादं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"छे छे!" मी म्हणालो. माझा आत्मविश्वास त्या दिवशी नको तितका वर गेला होता. "पडद्याआड बसून दुसऱ्याच्या नावावर वाजवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. तुम्ही बिनधास्त राहा!"

योजना माझीच. अगदी बिनतोड! रंगमंचावरच्या मोठ्या पियानोचं झाकण उघडून आतल्या तारांवर एक जाडजूड ब्लँकेट पसरायचं. म्हणजे सम्राटांनी पट्ट्यांवर उड्या मारल्या तरी आवाज फुटणार नाही. मागच्या काळ्या पडद्याआड दुसरा पियानो, तिथे मी. पडद्याला एक चीर, त्यातून मला सम्राटांची पाठ दिसणार. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं की मी सुरू करायचं. दोन्ही हात वर उचलून मान मागे टाकली की थांबायचं.

"हे नीट पार पडलं," मॅनेजर म्हणाला, "तर पुढच्या सिनेमात तुमचं नाव पक्कं. नाही पडलं तर आपण एकमेकांना ओळखत नाही."

नाव! रविवारी कार्यक्रम आणि सोमवारी दुकान. मधे मी एकटा.

रविवारी मी गडबडीने निघालो. अण्णा दारातच उभे, अंगात तपासणीला जायचा त्यांचा जुना तपकिरी कोट. चेहरा नुसता फुललेला.

"जावईबापू, थांबा, एक गंमत सांगायचीय. आज मला..."

"आल्यावर, अण्णा! एका विद्यार्थ्याकडे तातडीचं जायचंय!" मी जिना उतरलोसुद्धा.

ती गंमत ऐकून घेतली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

पडद्याआड फार उकडत होतं. फोन बंद करून ठेवायची सक्त ताकीद होती, म्हणून बंद केला. माझ्या आधी एकेक कलाकार येऊन वाजवत होता. आणि मंडळी, ते सगळे खरंच वाजवत होते हो! ज्या खलनायकाने आजवर पडद्यावर डझनभर माणसांचे गळे आवळले, तो इतकं हळुवार अंगाईगीत वाजवून गेला की पुढच्या रांगेतलं एक बाळ खरोखरच झोपलं. दर सिनेमात रडणाऱ्या नायिकेने असा काही नाचरा ठेका धरला की स्टूल सरकत सरकत कडेपर्यंत गेलं. बातम्या देणाऱ्या बाईंनी अपघाताची बातमी द्यावी तशा गंभीर चेहऱ्याने वाजवलं, पण एक सूर चुकला असेल तर शपथ! मी घाम पुसत होतो, बोटं गुडघ्यावर टकटक करत होती. विंगेत सम्राटांचा तर पुतळा झाला होता.

शेवटी त्यांचं नाव पुकारलं. टाळ्यांनी छत हललं. सम्राट आले, मायक्रोफोनपाशी उभे राहिले, नमस्कार केला, आणि भीतीने फुटलेला घाम रुमालाने पुसला.

खूण! मी सुरू केलं!

सम्राट मायक्रोफोनपाशी आणि पियानो आपोआप वाजतोय! सभागृहात एकदम शांतता. मी चिरीतून बघतोय तर स्टूल रिकामं! पण एकदा सुरू झालेली माझी बोटं मधेच थांबत नाहीत, कित्येक वर्षांची शिस्त आहे ती. सम्राट गर्रकन वळले, पियानोकडे बोट रोखून ओरडले, "अरे, मला बसू तरी दे!" आणि धावत जाऊन स्टुलावर बसले.

हशाचा डोंब उसळला! मी कपाळाला हात लावणार होतो, पण हात मोकळे नव्हते.

"वा, वा, सम्राट!" निवेदिका म्हणाली. "आणि आता आपल्या स्पर्धेचे विजेते! सम्राटांच्या आयुष्यावरच्या सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देणारे हे रसिक आज त्यांच्याशेजारी उभे राहून स्वरलिपीची पानं उलटणार आहेत!"

विंगेतून एक तपकिरी कोट आला. पियानोशेजारी ताठ उभा राहिला.

अण्णा!

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. अण्णाच! तेवढ्यात दोनदा पान उलटलं गेलं. अण्णांना स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नाही, पण काम दिलं की ते चोख करणार. ठरावीक वेळाने, फट्, फट्, फट्. सम्राट मान डोलावत होते, हात नुसते पट्ट्यांवर थैमान घालत होते. निम्मी मैफल सुरळीत पार पडली. मला वाटलं, सुटलो!

पण निरीक्षकाची नजर ती! पान उलटता उलटता अण्णा थबकले. वाकले. उघड्या झाकणातून आत डोकावले.

"साहेब," ते म्हणाले, आणि मायक्रोफोन जवळ असल्याने सगळ्यांनी ऐकलं, "आत ब्लँकेट राहिलंय!"

"राहू द्या," सम्राट दातांमधून म्हणाले.

"राहू द्या कसं? कुणाचा तरी निष्काळजीपणा आहे हा! तुमचा सूर दबतोय!"

"मला दबलेलाच आवडतो! हात लावू नका!"

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात म्हणून बोलत नाही. थांबा!" आणि अण्णांनी बाह्या सरसावल्या, ब्लँकेटाचं टोक धरलं, आणि एका झटक्यात सबंध ब्लँकेट बाहेर ओढलं!

मग जे झालं ते! सम्राटांची बोटं पूर्ण जोरात चालू होती आणि आता त्यांना आवाज फुटला. माळ्यावरची भांडी एकदम जिन्यावरून सुटावीत तसा! मला आधी वाटलं माझाच पियानो बिघडला. म्हणून मी आणखी जोरात वाजवलं. सम्राटांना वाटलं आपण जोरात वाजवलं तर चूक झाकली जाईल. म्हणून त्यांनी मुठींनी वाजवायला घेतलं. घाबरून त्यांनी हात वर उचलले, तर माझं मात्र गोड वाजतंच राहिलं! हात वर गेलेले बघून मला वाटलं, थांबायची खूण. मी थांबलो. पण शांतता पडल्यावर सम्राटांना धीर धरवेना. त्यांनी हात खाली आपटले. धडाम्! मी परत सुरू केलं. ते थांबले, मी वाजवतोय. मी थांबलो, ते आपटतायत!

लोक खुर्च्यांवरून खाली घसरत होते. कुणीतरी हसता हसता ओरडलं, "वाचवा!"

फक्त एक माणूस हसत नव्हता. अण्णा. ब्लँकेट काखेत धरून ते एकदा सम्राटांच्या बोटांकडे बघत होते, एकदा हवेत कान देत होते. आयुष्यभर भेसळ पकडलेला माणूस तो! त्यांनी बोट वर केलं.

"सापडलं!" ते गरजले. "सम्राटांच्या वाजवण्यात कुणीतरी भेसळ करतंय!"

आणि तडक पडद्याकडे निघाले. मी चिरीतून बघतोय, तपकिरी कोट मोठा होत चाललाय. पळावं तर कुठे? मागे भिंत! पडदा सर्रकन बाजूला झाला.

"जावईबापू?"

"अण्णा..."

"हा तुमचा विद्यार्थी?" त्यांनी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारलं. "एवढ्या थोर कलाकाराची मैफल, आणि तुम्ही मत्सरापोटी मागे लपून त्यात बोटं घालता? लाज नाही वाटत?"

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सम्राट, काही झालं तरी जातिवंत नट, धावत आले, एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने अण्णांना धरून पुढे ओढलं आणि तिघांना वाकवलं. पुन्हा वाकवलं. वाकताना मी बघितलं, सम्राटांच्या अंगठ्याजवळचा तीळ घामाने पसरून मनगटापर्यंत गेला होता. आणि अण्णाही तेच बघत होते.

घरी परतताना आम्ही टॅक्सी केली. माझी बोटं दाराच्या काचेवर टकटक करत होती. पुढच्या सीटवर बायको होती. कार्यक्रमाला अण्णांना तीच घेऊन आली होती आणि मला सावध करायला तिने फोनवर फोन केले होते, माझ्या बंद फोनवर.

घरी आल्यावर तिला राहवलं नाही. शब्द मी दिला होता, तिने नव्हता दिला. तिने अण्णांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. सिनेमा, कोटाच्या बाह्या, गुदगुल्या, फलकावरचं क्रीम, सगळं!

"तो तीळही ह्याचाच आहे, अण्णा," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्ही ज्या हातांचं कौतुक करताय, ते रोज तुम्हाला पाणी देतायत."

अण्णांनी चष्मा लावला. माझा डावा हात हातात घेतला. दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. स्वतःचा अंगठा जिभेला लावून माझ्या तिळावर खसाखसा घासला. पुन्हा घासला. तीळ जागचा हलला नाही.

त्यांचा हात थांबला. माझा मात्र त्यांनी सोडला नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझी बोटं मुकाट्याने स्वस्थ बसली होती. मला वाटलं, आता म्हणतील. काहीतरी म्हणतील. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

"म्हणजे सिनेमातले ते हात," ते हळूच म्हणाले, "तुमचे?"

"हो, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग मान हलवली आणि कौतुकाने ओथंबलेल्या आवाजात म्हणाले, "धन्य आहे बुवा त्या सम्राटांची! जन्मभर हे हात तुमच्याकडे पडून होते, तुम्हाला काही करता आलं नाही. त्या माणसाने थोड्या दिवसांसाठी घेतले आणि बघा काय करून दाखवलं!"

सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत सम्राटांचा जयजयकार होता. उत्तम वाजवता येत असताना इतकं वाईट वाजवून दाखवणं किती अवघड, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. माझा उल्लेखही होता. 'पडद्याआडून निघालेला गबाळा इसम' म्हणून. नाव नव्हतं.

पण मॅनेजरचा फोन आला! सम्राट खूश होते, पुढचा सिनेमा ठरला होता, आणि या वेळी माझं नाव पडद्यावर येणार म्हणजे येणारच होतं.

"सम्राटांचं काम काय आहे?" मी अधीर होऊन विचारलं.

"फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचं," तो म्हणाला. "हातांचे शॉट भरपूर आहेत. तुम्हाला फरशी बसवता येते ना?"

तर सध्या मी मेहुण्याच्या दुकानात असतो. त्याच सोमवारपासून. अण्णा बिल्डिंगभर सांगत फिरतात की जावयाने शेवटी माझं ऐकलं, आणि वॉचमनने परवा मला पहिल्यांदाच सलाम ठोकला. तुम्ही कधी फरशी घ्यायला आलात आणि माझ्या अंगठ्याकडे लक्ष गेलं, तर मेहरबानी करून कुणाला काही बोलू नका. मी शब्द दिलाय.